आवाज ओळखणारे सर

समोरचा माणूस काही चुकीचं बोलला की मला गप्प बसवत नाही, हे मी आधीच कबूल करून टाकतो. रिक्षावाल्याने लांबचा रस्ता धरला, बातम्या वाचणाऱ्या मुलीने एका धरणाचं पाणी दुसऱ्या धरणात दाखवलं, शेजाऱ्याने गच्चीवरच्या टाकीचा कॉक उलटा फिरवला, की मी बोलतोच. कोणी विचारलेलं नसतं. बायको म्हणते, "तुमच्या तेराव्याला गुरुजी चुकले, तर तुम्ही फोटोतून बोलाल." सदाशिव पेठेत छप्पन्न वर्षं काढल्यावर माणसात एवढं तरी उतरणारच, असं मी तिला सांगतो. तिचं माहेरही सदाशिव पेठच असल्यामुळे ती यावर नुसती बघते.

या स्वभावाचा मला आयुष्यभर अभिमान होता. वारज्यातल्या एका स्टार्टअपने माझ्याकडून माझ्या कामातलं सगळं ज्ञान काढून घेतलं, तेही मी नाही म्हणत असताना, ते याच अभिमानाच्या जोरावर.

मी पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात आहे. फोन येतो, पलीकडे एखाद्या सोसायटीचा सेक्रेटरी असतो, नाहीतर हॉस्टेलचा रेक्टर, नाहीतर नर्सरीवाला. "पंप चालू आहे हो, पण पाणी येत नाही." आम्ही चार प्रश्न विचारायचे, दोष काय असेल त्याचा अंदाज बांधायचा आणि मेकॅनिकला कोणता पार्ट घेऊन पाठवायचं ते ठरवायचं. अंदाज चुकला की मेकॅनिकची फेरी फुकट जाते आणि ग्राहक आणखी दोन दिवस टँकरची वाट बघत बसतो. मराठी फोनच्या टेबलावर आम्ही दोघंच होतो, मी आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या मॅडम.

मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, कायम नोकरीतला. पंपाचं मॅन्युअल मला पाठ आहे आणि ते पाठ असल्याचं मी नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत कळू देतो. मॅडम सात वर्षांपूर्वी कंत्राटावर आल्या, अकोल्याकडच्या. दर मार्चमध्ये त्यांचं कंत्राट पुढे वाढायचं. त्यांच्या टेबलावर बुद्धाची बोटभर मूर्ती असायची आणि तिच्याशेजारी मुलीचा शाळेतला फोटो. वडील नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर होते. लहानपणी त्या वडिलांचा डबा घेऊन पंपहाउसवर जायच्या आणि तिथेच बसून अभ्यास करायच्या. चार मोठे पंप दिवसभर चालू, त्या आवाजात पाढे पाठ केले, असं त्या सांगायच्या.

त्यांची एक पद्धत होती. ग्राहकाने दोन वाक्यं बोलली की त्या म्हणायच्या, "दादा, फोन पंपापाशी धरा जी. आता मोटर चालू करा. आणि बोलू नका बिलकुल." मग हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून, डोळे मिटून बसायच्या. अर्ध्या मिनिटाने डोळे उघडून सांगायच्या, "बेअरिंग चांगली आहे तुमची. खाली पाइपाच्या तोंडाशी फूट व्हॉल्व्ह आहे, त्याच्या जाळीत कचरा बसला, तो काढून घ्या." मेकॅनिक जाऊन बघायचा तर जाळीत प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी म्हणालो होतो, "मॅडम, ही काय नाडीपरीक्षा आहे का?" त्या हसल्या आणि पुढचा फोन घेतला. सहा वर्षांत त्या किती वेळा चुकल्या हे आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे, कारण त्यांची एखादी चूक मला नक्कीच आठवली असती. एकही आठवत नाही. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. मेकॅनिकचा निरोप आला की मी "बरं" म्हणायचो. आमच्याकडे "बरं" म्हणजे पुष्कळ झालं, अशी मी स्वतःची समजूत घालत असे.

सव्वा वर्षापूर्वी साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की तक्रारींचे फोन आता एआय घेणार आहे. वारज्याचं एक स्टार्टअप ते बनवतंय, त्यांची माणसं येऊन आपल्याकडून काम समजून घेतील, सहकार्य करा. बाहेर आल्यावर मॅडमनी मला विचारलं, "सर, आता आपलं काय करायचं जी?" मार्च चार महिन्यांवर आला होता आणि मुलगी बारावीला होती. त्यांच्या चेहऱ्यावर सरळसरळ भीती होती.

मी चहाच्या टपरीवर त्यांना वीस मिनिटं समजावलं. यंत्राला अनुभव नसतो. अनुभव हा सांगून मिळत नाही. आपण फक्त एवढं करायचं की त्यांना काही सांगायचं नाही, अगदी सभ्यपणे, पण नाही. तुम्ही काळजी करू नका, मी आहे. "मी आहे" हे मी इतक्या भारदस्त आवाजात म्हणालो की टपरीवाल्यानेही वर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी स्टार्टअपची मुलगी आली. पंचविशीची, पाठीवर सॅक, पायात बूट, बोलणं निम्मं इंग्रजी. ती म्हणाली, "सर, तुमचा प्रोसेस मला जरा एक्सप्लेन कराल का?" मी म्हणालो, "प्रोसेस वगैरे काही नसतो. फोन येतो, आम्ही बोलतो." ती "ओके" म्हणाली आणि निमूट लॅपटॉप उघडून बसली. मी मॅडमकडे विजयी नजरेने पाहिलं. आमचा सत्याग्रह बरोबर अकरा मिनिटं टिकला.

बाराव्या मिनिटाला तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "सर, मशीनने हे उत्तर दिलंय. एवढंच बघा, बरोबर आहे का." ग्राहकाने सांगितलं होतं, मोटर गुंगुं करते पण फिरत नाही. मशीनने उत्तर दिलं होतं, टाकीतील पाण्याची पातळी तपासा.

मी म्हणालो, "हा काय मूर्खपणा आहे? मोटर फिरतच नाही तर टाकीचा काय संबंध? आधी तिन्ही फेज येतायत का ते विचारा. सिंगल फेज मोटर असेल तर कपॅसिटर. मग शाफ्ट हाताने फिरतो का."

"अच्छा," ती म्हणाली आणि टाइप करायला लागली. मग दुसरं चुकीचं उत्तर. मग तिसरं. दुपारपर्यंत मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो होतो आणि माझा डबा तसाच होता. काही उत्तरं इतकी ढळढळीत चुकीची होती की ती मुद्दाम तशी घातलेली असणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला ते कळायला आठवडा लागला, आणि कळल्यावरही मी थांबलो नाही. चुकीचं उत्तर तसंच सोडून घरी जाणं मला जमेचना. ती मुलगी रोज सकाळी चुकांची टोपली घेऊन यायची आणि संध्याकाळी माझी तीस वर्षं थोडी थोडी करून घेऊन जायची. वर म्हणायची, "सर, यू आर अमेझिंग." मी घरी येऊन बायकोला अमेझिंग हा शब्द दोनदा सांगितला. ती म्हणाली, "हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत. उतरताना सांभाळा."

मॅडम या सगळ्यात आपले फोन घेत राहिल्या. एकदाच म्हणाल्या, "सर, तुम्ही तर सारंच सांगून राहिले." मी म्हणालो, "अहो, हे वरवरचं आहे. खरं कुठे सांगतोय?"

मग तो दिवस आला. ती मुलगी कंपनीकडची जुन्या फोनची रेकॉर्डिंग ऐकत होती. फोन कोणीही घेतला तरी त्यावर माझाच नंबर नोंदलेला असायचा, कारण टेबलाचा प्रमुख मी. तिने हेडफोन काढला आणि डोळे मोठे करून मला विचारलं, "सर, पंपाचा नुसता आवाज ऐकून फॉल्ट सांगितलाय. हे कॉल तर मॅडमनी घेतलेत, पण ही टेक्निक तुमची ना? तुम्हीच शिकवलीत ना टीमला?"

मॅडम माझ्यापासून चार फुटांवर होत्या. कानाला हेडफोन लावून कोणाशी तरी बोलत होत्या, पाठ माझ्याकडे. ज्या माणसाने आयुष्यात रिक्षावाल्याची चूक सोडली नाही, त्याला त्या मुलीची ही चूक दुरुस्त करायला तीन शब्द पुरले असते. मी दुरुस्त केली नाही. मी म्हणालो, "अनुभवाने कान तयार होतो." आणि हे म्हणताना मी आवाज थोडा खाली आणला, हे मला अजून स्पष्ट आठवतं. आवाज खाली आणला म्हणजे मला सगळं कळत होतं. त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आता वाटते.

पुढचे दोन आठवडे मी वारज्यात त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो; मॅडम फोन सांभाळायला टेबलावरच राहिल्या. फर्निचरच्या दुकानावरचा मजला, भिंतींना झगझगीत रंग, बसायला खुर्च्यांऐवजी फुगलेल्या गाद्या. त्यात एकदा बसलो की मला उठवायला दोन इंजिनिअर लागायचे. तिथे मला शेकडो आवाज ऐकवले. मी प्रत्येक आवाजाला नाव द्यायचं आणि मशीन ते शिकणार. सहा वर्षं शेजारी बसून मॅडमची उत्तरं ऐकली होती, त्यामुळे मला वाटलं हे मलाही येतं. मी डोळे मिटायचो. अर्ध्या मिनिटाने उघडायचो. "खडखड. बेअरिंग." "गुणगुण. एक फेज नाही." "पोकळ आवाज. हवा ओढतोय." ती मुलं भराभर लिहून घ्यायची. एकाने तर माझा डोळे मिटलेला व्हिडिओ काढला. त्यांच्या ऑफिसात मला "आवाज ओळखणारे सर" म्हणायला लागले आणि मी मान किंचित तिरकी करून ते स्वीकारायला लागलो.

फेब्रुवारीत साहेबांनी मला आत बोलावलं. मशीन आता बहुतेक फोन घेईल, अवघड तेवढे माणसाकडे येतील, त्यासाठी मराठीच्या टेबलावर एक माणूस पुरे. "तुम्ही आहातच. सगळं नॉलेज तुमचं आहे, वारज्याच्या रिपोर्टमध्येही तसंच आलंय. मॅडमचं मार्चनंतर बघावं लागेल."

मी त्या रात्री जेवलो नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. जेवलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवून गेलो की साहेबांना सांगायचं. स्कूटरवर वाक्य तयार केलं: साहेब, ती आवाजाची पद्धत माझी नाही, मॅडमची आहे. साधं वाक्य होतं. केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "साहेब, त्या आवाजाच्या कामात मॅडमचाही वाटा आहे, हे विसरून चालणार नाही."

साहेब हसले. "हा तुमचा मोठेपणा आहे. आजकाल कोण ज्युनिअरला क्रेडिट देतं?"

"तसं नाही साहेब, त्यांचा बराच—"

"बसा हो. चहा घ्या."

चहा आला. साहेबांनी माझ्यासारखी माणसं आता कशी उरली नाहीत हे सविस्तर सांगितलं. मी कबुली द्यायला गेलो होतो आणि मोठा माणूस होऊन बाहेर आलो. मधे थांबवून "साहेब, तुम्ही चुकताय" म्हणायला जागा होती. चहात साखर कमी आहे हे मी त्यांनी न विचारता सांगितलं होतं, मग हे का नाही सांगता आलं, याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते चांगलं नाही. माझी नोकरी वाचली होती आणि तारीफही होत होती. दोन्ही एकदम सोडवत नव्हतं.

कंत्राटी माणसाला आमच्याकडे निरोप समारंभ नसतो. मी पुढाकार घेऊन केला. आपण काहीतरी चांगलं करतोय असं मला फार वाटत होतं. बाकरवडी आणली, कागदी कपांत चहा, सगळ्या टेबलांची माणसं गोळा केली आणि भाषणही मीच केलं. त्यात मी म्हणालो, "मॅडम आल्या तेव्हा नव्या होत्या. पण त्यांच्यात शिकण्याची जिद्द होती. इथे त्या पुष्कळ शिकल्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम मान खाली घालून कपाची कड बोटाने दुमडत होत्या. त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "हो जी. खूप शिकली मी इथं." मग त्यांनी मूर्ती रुमालात गुंडाळली, फोटो पर्समध्ये ठेवला आणि धायरीची बस सापडावी म्हणून लवकर निघाल्या. जिन्यापर्यंत मी सोबत गेलो. "काही लागलं तर सांगा," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

एप्रिलपासून मशीन फोन घ्यायला लागलं. आवाज गोड, "आपण"शिवाय बोलणं नाही, कितीही वेळ थांबायची तयारी. पहिले काही दिवस सगळे खूश होते. मग मेकॅनिक लोक माझ्या टेबलाशी यायला लागले. मशीनने बेअरिंग बदलायला पाठवलं, पंप उघडला तर बेअरिंग नवीकोरी. असं एकदा झालं, पाचदा झालं, मग रोज व्हायला लागलं. धायरीतल्या एका सोसायटीत एकाच पंपाची बेअरिंग दोनदा बदलून झाली. तिसऱ्यांदा सेक्रेटरींनी मशीनला बाजूला सारून माणूस मागितला आणि फोन माझ्याकडे आला.

"अहो, पूर्वी तुमच्याकडे एक ताई होत्या. त्यांना द्या."

"त्या आता नसतात. मी आहे." हेही मी बऱ्यापैकी भारदस्त आवाजात म्हणालो. "फोन पंपाजवळ धरा."

त्यांनी धरला. मी डोळे मिटले. पंपात खडे भरून हलवल्यासारखा आवाज येत होता. मी पुष्कळ वेळ ऐकलं. खरं सांगायचं तर मला नुसता पंप ऐकू येत होता. शेवटी मी म्हणालो, "मेकॅनिक पाठवतो, तोच उघडून बघेल." सेक्रेटरी म्हणाले, "उघडून बघायला तुमचा फोन कशाला लागतो? ते आम्हीही बघू शकतो." आणि फोन ठेवला. मेकॅनिकने उघडून पाहिलं तर फूट व्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ आणि चिंध्या. त्या खडखडीला मी वारज्यात गादीवर रेलून, डोळे मिटून, बेअरिंग असं नाव दिलं होतं. एकदा नाही, दरवेळी. मशीन बिचारं आज्ञाधारक. मी सांगितलेली चूक ते न थकता पुण्यापासून सोलापूरपर्यंत सगळ्यांना सांगत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी स्टार्टअपच्या त्या मुलीचा फोन आला. मी स्वयंपाकघरात उभा होतो, बायको भाजी निवडत होती.

"सर, एक क्विक विचारायचं होतं. ते आवाजांचं लेबलिंग आपण केलं होतं ना, त्यात थोडा इश्यू येतोय."

"येतोय खरा. तुमच्या रेकॉर्डिंगची क्वालिटी तपासा," मी म्हणालो. हे मी खरोखर म्हणालो.

"हो सर, ते तपासलं." ती म्हणाली. "मला एवढंच कन्फर्म करायचं होतं. ती मेथड मूळ तुमची होती की मॅडमची?"

प्रश्न अगदी सरळ होता. समोर साहेब नव्हते, नोकरी जाणार नव्हती, चहासुद्धा नव्हता. बायको देठ खुडायची थांबली होती. मी म्हणालो, "तसं एकाचं म्हणता येणार नाही. आमच्या टेबलाची पद्धत होती ती. आम्ही दोघांनी मिळून बसवलेली."

"ओके सर." तिच्या आवाजात राग वगैरे काही नव्हता, तेच जास्त लागलं. "जुने कॉल आम्ही पुन्हा ऐकले आणि मॅडमना शोधून काढलं. त्या सोमवारपासून आमच्याकडे जॉइन झाल्यात. त्यांनी पहिल्याच दिवशी शंभर आवाज नुसते ऐकून बरोबर सांगितले. आता सगळी लेबलं परत लावून देतायत."

मग मी विचारलं, "तुला सगळं माहीत होतं, मग मला कशाला विचारलंस?"

"मी नव्हते विचारणार सर. मॅडमच म्हणाल्या, सरांना एकदा फोन कर. त्यांना सांगायचं असेल, पण कोणी कधी विचारलंच नसेल."

मी ओट्याला टेकलो. बायकोने पुन्हा देठ खुडायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता.

"त्या इथेच आहेत, समोर," मुलगी म्हणाली. "देऊ का फोन?"

"नको, नको," मी म्हणालो. "कामात असतील त्या. मीच करतो नंतर."

त्याला आता सात महिने झाले.